रिकामा पट्टा

"पट्टा दिसायला चर्चचा हवा आणि वागायला शेतावरचा हवा," डॉयल स्टेगल म्हणाला. "कोटाखाली पिस्तूल आहे हे कुणाच्या बापाला कळता कामा नये."

वर्ना पिकेटने हातातला चामड्याचा तुकडा खाली ठेवला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. घोड्यांची खोगिरं शिवता शिवता तिची पाठ वाकली होती, जीभ मात्र सरळसोट. "कुणाच्या बापाला नाही, बाप्या. तुझ्या पोरीला कळता कामा नये, असं म्हण की."

आमच्या कटर्स फेरी गावात काही लपून राहत नाही. रेलिनने बापाला काय अट घातली ते त्याच्या आधी अर्ध्या गावाला ठाऊक होतं.

अट एकच होती. तिच्या लग्नाच्या दिवशी पिस्तूल घालून यायचं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याच्यासमोर मऊ पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही ठेवून पोरीने शांतपणे सांगितलं होतं, "डॅडी, मी दुसरं काही मागत नाही. त्या दिवशी ते अंगावर सापडलं, तर मी चर्चमध्ये वेदीपर्यंत एकटी चालत जाईन. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि दार राखा." आणि डॉयल "बरं" म्हणाला होता. धडधडीत खोटं बोलला होता. घास तोंडात तसाच राहिला, पण खोटं मात्र सहज बाहेर पडलं.

आता कुणी म्हणेल, एका दिवसाचा तर प्रश्न, ठेवायचं घरी. म्हणणाऱ्याचं काय जातं! आमच्याकडे कमरेला पिस्तूल लावणारे पुष्कळ आहेत. गवंडी आहेत, दातांचा डॉक्टर आहे, चर्चमधली पियानो वाजवणारी बाईसुद्धा आहे. त्यांना ते घरी ठेवता येतं. डॉयलला येत नव्हतं, आणि त्याचं कारण एक पट्टा होता.

पुष्कळ वर्षांपूर्वी तो गॅसच्या टाक्या पोचवायचा ट्रक चालवायचा. कामाला जाताना जीन्स, त्यावर जाडजूड पट्टा, आणि उजव्या कमरेला पिस्तूल. रविवारी मात्र सूट. त्या सुटावर लोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, वाढदिवसाला दिलेला काळा पट्टा असायचा. बारीक, चकचकीत, रुबाबदार, आणि बिनकामाचा. पिस्तूल अडकवलं की तो बाहेरच्या बाजूला कलंडायचा. एका रविवारी चर्चच्या आवारात लोरीन त्याला बघून पोट धरून हसली होती. "अहो, कोट कसा लोंबतोय तो! गाभण गाय बरी दिसेल. काढा ते, लोक बघतायत." मग त्याने ते काढलं आणि घरच्या छोट्या ट्रकच्या पुढच्या खणात टाकलं.

चर्च सुटल्यावर दोघं कोंबडी घ्यायला हमरस्त्यावरच्या दुकानात गेले. रांगेत उभे होते. एक पोरगा आत आला, अंगात नशा, हातात बंदूक, गल्ल्यावरच्या मुलीवर ओरडायला लागला. लोरीन गल्ल्यापाशीच होती. तिने फक्त "बाळा, ऐक" एवढं म्हटलं. डॉयलचा हात कमरेला गेला आणि रिकाम्या पट्ट्यावर आपटला. तेवढ्यात सगळं आटोपलं होतं.

लोरीनच्या मयतालाही त्याने तो पट्टा घातला नाही. सूटच घातला नाही. जीन्स, जाड पट्टा, पिस्तूल. पुढे कुणाच्या लग्नाला गेला नाही, सूट घालावा लागेल म्हणून. जेवायला गेला की दाराकडे तोंड करून बसायचा. कुणी गळाभेटीला आलं, की उजवी बाजू मागे घ्यायचा आणि डाव्या खांद्याने कसंबसं चिकटायचा, कमरेचं लोखंड हाताला लागू नये म्हणून. पोरीला जवळ घ्यायचा तेही तसंच, तिरकं. इतकी वर्षं रेलिनला अर्धाच बाप मिळत होता, आणि ती बिचारी ते बोलत नव्हती.

बोलली ती एकदाच. "तुमच्याजवळ असतं तरी काय झालं असतं, डॅडी? तुम्ही हात घातला असतात आणि त्याने तुम्हालाही मारलं असतं. मला दोघांना पुरावं लागलं असतं." यावर तो उठून अंगणात गेला होता.

तर असा हा माणूस वर्नाच्या दुकानात उभा. इकडे आड, तिकडे विहीर. पिस्तूल नेलं तर पोर जाते, नाही नेलं तर याचा जीव जातो.

वर्नाने त्याला समजावून सांगितलं. कामाचा रुंद पट्टा सुटाच्या पँटच्या फितींतून जाणारच नाही. बारीक घेतला तर वजनाने मान टाकेल. म्हणून बारीकच करायचा, पण चामड्याचे दोन थर एकमेकांवर चिकटवायचे, मध्ये एक ताठ पट्टी शिवायची, आणि पोटापाशी, जिथे कोट उघडा असतो, तिथे दोन्ही टोकं तासून निमुळती करायची. कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत करायच्या. बक्कल साधं, चांदीच्या रंगाचं.

"पुढून पाद्री, मागून कसाई," ती म्हणाली. "पण डॉयल, पोरीला फसवायला मी हात लावतेय, हे मला अजिबात आवडलेलं नाही. ऐकून ठेव."

"ऐकलं," तो म्हणाला. "कर."

पट्टा तयार झाला तेव्हा तो सूट घालूनच आला. पट्टा ओवला, म्यान अडकवलं, म्यानात पिस्तूल सरकवलं, कोटाची गुंडी लावली. वर्नाने त्याला आरशापुढे वाकायला लावलं, बसायला लावलं, वळायला लावलं. कोट जराही हलला नाही. कमरेला वजन आहे की नाही हे त्याचं त्यालाच कळेना. एखाद्या बँकवाल्यासारखा दिसत होता.

"झालं ना मनासारखं?" वर्नाने विचारलं.

डॉयल आरशात बघतच राहिला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो तिथेच, चामड्याच्या कातरणांत, गुडघ्यांवर बसला. "तेव्हा का नाही आलो मी तुझ्याकडे?" तो म्हणाला. "तू इथेच होतीस. हेच दुकान होतं. एवढंसं काम, वर्ना! एवढंसं! हा पट्टा असता तर ती हसली नसती, मी ते काढलं नसतं." आणि तो मोठा माणूस लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. वर्नाची एरवीची तिखट जीभ त्या वेळी कुठे गेली कोण जाणे. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो उठेपर्यंत तशीच उभी राहिली.

लग्नाच्या आदल्या दिवशी चर्चमध्ये तालीम झाली. ब्रदर हॅस्केल, आमचे धर्मोपदेशक, म्हणाले, "पोरीला उजव्या हाताला घे, डॉयल."

"डावीकडे बरी," डॉयल म्हणाला.

"अरे, पण रीत..."

"डावीकडे म्हटलं ना!" उजवा हात मोकळा हवा, हे त्याला सांगता येईना. रेलिनने त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि ती मुकाट्याने डावीकडे आली. पुढे ब्रदर हॅस्केलनी रीतीप्रमाणे विचारलं, "या मुलीला कोण देत आहे?" याचं उत्तर आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं: तिची आई आणि मी. डॉयलच्या तोंडून नुसतं "मी" आलं, तेही घोगरं. कुणी त्याला टोकलं नाही.

लग्नाच्या दुपारी तो चर्चच्या आवारात ट्रकमध्ये बसून होता. सूट अंगावर, नवा पट्टा कमरेला, पिस्तूल जागच्या जागी. पाहुणे आत चालले होते. प्रत्येकाच्या हातांकडे त्याचं लक्ष. कुणाच्या हातात भेट, कुणाच्या हातात पोर. घाम गळपट्टीतून छातीवर उतरत होता. हेच आवार. हाच ट्रक, कारण तो त्याने विकला नव्हता. इथेच लोरीन हसली होती.

पोर एकटी चालेल, त्याच्या मनात आलं. आई नाही, आणि बाप असून नाही. लोक बघतील. मग त्याच्या मनात आलं, आणि आत कुणी शिरलं तर? पुन्हा हात रिकाम्या पट्ट्यावर आपटला तर? मग तर मरणंच बरं. "लोरीन, मी काय करू गं?" तो मोठ्याने म्हणाला. लोरीन काय सांगणार होती! पण ती काय म्हणाली असती ते त्याला पुरतं ठाऊक होतं. ती म्हणाली असती, काढा ते, लोक बघतायत.

त्याने काढलं. म्यान निघता निघेना. ट्रकच्या पुढच्या खणात, तेव्हा ठेवलं होतं तिथेच, पिस्तूल ठेवलं, कुलूप लावलं आणि दार लोटलं. आवार ओलांडताना त्याला नागडं चालल्यासारखं वाटत होतं.

रेलिन बाजूच्या खोलीत उभी होती, पांढऱ्या पोशाखात, कानात आईचे मोती. ती हसली आणि हात पसरून पुढे आली. डॉयलनेही हात पसरले. आणि त्या दळभद्री अंगाने सवयीने जे करायचं तेच केलं: उजवी बाजू मागे, डावा खांदा पुढे.

रेलिन त्याच्या मिठीत ताठ झाली. मग मागे सरली.

"आणलंत," ती म्हणाली.

"नाही गं. नाही."

"आज तरी खोटं बोलू नका, डॅडी!" तिचे डोळे भरले. "मला कमरेला हात लावायची गरज नाही. मला माहीत आहे तुम्ही कसे वळता ते. जा तुम्ही, बसा मागे. मी जाते."

डॉयलने दोन्ही हातांनी कोट उघडला आणि तसाच उघडा धरून उभा राहिला. आत पांढरा शर्ट, पट्टा, आणि पट्ट्यावर काही नाही.

रेलिनने पाहिलं. त्या घरातलीच पोर ती, कुठला पट्टा कशासाठी असतो हे तिला कुणी शिकवायला नको. तिने कडेवरून अंगठा फिरवला, दोन थर चाचपले. "वर्ना आंटीच्या हातचा."

"हो."

"मला फसवायला करून घेतलात."

"हो," तो म्हणाला. "फसवायलाच. मग नाही जमलं मला. ट्रकमध्ये आहे ते, तेव्हा होतं तिथेच. रेलिन, मला फार भीती वाटतेय गं."

वळसा घालून ती त्याच्या उजव्या बाजूला आली.

"तिकडे नको," तो घाईने म्हणाला. "त्या बाजूला कुणी..."

"उजवा हात द्या इकडे." तिने तो ओढूनच घेतला, कोपरात कोपर अडकवलं, आणि वरून दुसऱ्या हाताने गच्च धरला.

दारं उघडली. माणसं एकदम उठली, बाकं कडाकडा वाजली आणि डॉयलचा हात कमरेकडे झेपावला. रेलिनने सोडला नाही. तो पुन्हा ओढला गेला, तिने पुन्हा धरून ठेवला. "मी आहे, डॅडी. चला," ती ओठ न हलवता म्हणाली. बाप लेकीला घेऊन चाललाय असं लोकांना वाटत होतं. खरं म्हणजे लेकच बापाला ओढत नेत होती.

"या मुलीला कोण देत आहे?" ब्रदर हॅस्केलनी विचारलं.

रेलिनने त्याचा हात दाबला.

"तिची आई," तो म्हणाला, आणि बराच वेळ पुढे शब्दच येईना. "तिची आई आणि मी."

मग तिचा हात सोडावा लागला. पहिल्या बाकावर त्याची जागा होती, शेजारची लोरीनसाठी रिकामी ठेवलेली. दार पाठीमागे येत होतं. कितीतरी वर्षांत तो दाराकडे पाठ करून बसला नव्हता. तो बसला, दोन्ही हातांनी पट्ट्याचं बक्कल घट्ट धरलं, आणि लग्नाच्या शपथा संपेपर्यंत एकदाही मागे वळला नाही.