तीन सेलची

आमच्या भागात विजेचे मीटर वाचायला येणाऱ्या गृहस्थांना सगळे मीटरकाका म्हणत. मीटर नेहमी जिन्याखाली असतात. सायकली, रद्दी आणि मांजराची पिल्लं यांच्या मागे. त्यामुळे काकांचं पोट टॉर्चवर होतं आणि काकांच्या टॉर्चवर थोडंफार माझं, कारण विजेच्या सामानाचं दुकान माझं.

त्यांची टॉर्च दोन सेलची, ॲल्युमिनियमची, स्वस्तातली. अंगावर पोचे पडलेले, पण पेटायची इमानेइतबारे. मीटर वाचून झाला की काका त्यातला एक सेल काढून उलटा घालत. पिशवीत चुकून बटण दाबलं गेलं तर सेल उतरायला नकोत. पुढच्या जिन्याखाली पुन्हा सुलटा. दिवसातून साठ वेळा हा विधी. जुने झालेले सेल ते माझ्या दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ओलांडून जायला सांगत.

मग एक दिवस ते म्हणाले की नवे सेल आठवड्यात मेले. मी बदलून दिले. पुढच्या आठवड्यात तेही मेले. माल शिळा आहे असं त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. माल शिळा म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते गेल्यावर मी त्यांचे चारही मेलेले सेल दुकानातल्या रेडिओत घातले. रेडिओ महिनाभर बोलत राहिला.

म्हणजे मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं आता म्हणायची सोय नाही. पण चांगलं गिऱ्हाईक, वयाने मोठा माणूस. त्याला तोंडावर काय सांगायचं? मी त्यांना तीन सेलची टॉर्च दाखवली. काका खूश झाले. पुढे चार सेलची झाली, मग पाच सेलची. ती हातभर लांब होती. ती घेऊन काका जिन्याखाली वाकले की नवे भाडेकरू दाराला आतून कडी लावत.

मधल्या काळात माझ्या दुकानाच्या चौकटीला त्यांचा उजवा खांदा तीनदा धडकला. चौकट अरुंद आहे म्हणाले. काकू एकदा बल्ब घ्यायला आल्या तेव्हा सांगत होत्या, हे पाणी पेल्याबाहेर ओततात आणि पेला लहान झाला म्हणतात. काकू हसत होत्या. मीही हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

मग काकांनी तिनाचा आठ वाचला आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याला गिरणीला शोभेल असं बिल गेलं. शिंपी मोजपट्टी गळ्यात घालूनच कचेरीत जाऊन भांडला. साहेबांनी काकांना बोलावून सांगितलं की आणखी एक चूक झाली तर घरी बसायचं. पेन्शनला तीन वर्षं होती. काका तिथून थेट माझ्याकडे आले आणि सहा सेलची मागितली.

सहा सेलची होती. एकच, वरच्या फळीवर, धूळ खात. आम्ही मागच्या खोलीत गेलो. तिला खिडकी नाही, माल मी तिथेच तपासून देतो. दार लोटून मी त्यांच्या उजव्या हाताच्या भिंतीवर झोत टाकला. भिंतीवरचा खिळा न् खिळा दिसत होता.

काका समोर बघत उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लाव ना."

मला बटण बंद करता आलं असतं. ही बिघडलीय म्हणून सांगता आलं असतं. इतकी वर्षं मी तेच करत होतो.

"लावलीय, काका," मी म्हटलं.

त्यांनी हळूहळू मान वळवली. झोत दिसेपर्यंत वळवली. मग पिशवी उचलली आणि सहा सेलची न घेताच ते निघाले.

दुसऱ्या दिवशी काकू त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. कचेरीने त्यांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. तिथे आकडे वाचावे लागत नाहीत, फक्त उद्या या म्हणावं लागतं. पेन्शन वाचली.

महिन्याभराने काका दुकानात आले. चौकटीशी थांबले, हाताने ती चाचपली आणि आत आले. पाच सेलची टॉर्च त्यांनी काउंटरवर ठेवली. एक सेल उलटाच होता. ही चांगली आहे, दुसऱ्या कुणाला देऊन टाक, म्हणाले. डाव्या डोळ्यात जन्मभर थेंब घालायचे, तो टिकेल. उजवा गेला.

"डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असतात तर उजवाही राहिला असता." काका जरा वेळ हिशेब लावत थांबले. त्यांच्या आवाजात राग नव्हता; असता तर मला बरं वाटलं असतं. "दोन वर्षांपूर्वी म्हणजे माझ्याकडे कुठली होती रे?"

"तीन सेलची," मी म्हटलं.

"हां," काका म्हणाले. "तीच. चांगली होती ती."