अठराव्या उंदराचे झटके

राजानंद चहाचा कप अर्धाच भरतो, समोर कुणीही असो. घरी फोन लावला की आधी आईच्या हाताची चौकशी. कुणी 'बहुतेक' म्हटलं की विचारतो, कितीपैकी किती? मोजायला बसला की नजर हलत नाही; एकेक चिंचोका बोटाने बाजूला सरकवत राहतो.

तो मोजतो ते उंदरांचे झटके, दर झटक्याला एक चिंचोका. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या टेबलावर त्याच्या आईचा, गिरिजाबाईंचा, श्वास काही मिनिटं थांबला. त्या वाचल्या. पण तेव्हापासून काही उचलायला गेल्या की हात आपोआप उडतो. राजानंद संभाजीनगरला औषधशास्त्रात पीएचडी करतो. मेंदूतल्या पेशींवर निरोप घेणाऱ्या जागा असतात. त्यातली एक जागा अडवणारं संयुग झटके कमी करतं का, हा त्याचा विषय.

असेच झटके येणारे चोवीस उंदीर, चोवीस व्हिडिओ. निम्म्यांना संयुग, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. सहकाऱ्याने ती यादी बंद पाकिटात घातली. राजानंदने पाकीट आईकडे सांभाळायला दिलं. मी, त्याचा खोलीमित्र, हरकत घेतली. तो हसला. मायला वाचता येत न्हाई, म्हणाला.

सुट्टीत मी घनसावंगीला त्याच्या घरी गेलो. सतरा व्हिडिओ झाले होते. अठरावा चालू होता. गिरिजाबाई मागून पाहत होत्या.

"अठरा नंबर ना? ह्याला औषध देलंय," त्या म्हणाल्या. "बघ, कसा गुमान बसून राह्यला. एकोणीस, वीस, एकवीसला पाणी. पुढच्या तिन्हीला औषध."

राजानंदचं बोट थांबलं.

पाकीट उघडून शेजारच्या अंगणवाडीताई दीपमालाकडून त्यांनी यादी वाचून घेतली होती. पाठ केली होती. लेकाचं औषध लागू पडतं का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

पडद्यावर उंदराचा पाय हलला. झटका, की नुसती हालचाल? एरवी डोळे ठरवायचे. आता डोळ्यांना तो झटका नको होता. तू मोज, असं तो मला म्हणाला, आणि लगेच नको म्हणाला. मीही ऐकलं होतं.

त्याने तिथूनच मार्गदर्शक सरांना फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं.

"बाहेर कुणाला कळलंय का?" सरांनी विचारलं.

"मला कळलंय, सर."

मोजणी पहिल्यापासून, दुसऱ्या कुणाकडून करावी लागेल, सर म्हणाले. तसा माणूस शोधून शिकवण्यात महिने जातील; प्रबंध या वर्षी जाणार नाही. तो बरं म्हणाला.

"मंग औषध खोटं झालं का रे?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"न्हाई माय. खरं हाय का, ते आता मला मोजता येत न्हाई."

वहीत सतरा ओळी भरल्या आहेत. अठराव्या ओळीत वेळ लिहिली आहे, आकडा नाही. व्हिडिओ सहाव्या मिनिटाला थांबवलेला आहे.