गंगीचा बिल्ला

जालना स्टेशनवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "गंगीच्या मागं राहू नको. तिच्या बराबर राह्य." गंगी माझी चुलत बहीण. केदारखेड्याच्या आम्ही दोघीही बालविधवा, म्हणून तर घरच्यांनी नर्सचं काम शिकायला जाऊ दिलं.

पण बराबर कुठली! हैदराबादच्या दवाखान्यात मला वॉर्डातल्या मलमपट्ट्या, गंगीला एक्स-रेची खोली. रडणारं पोर यंत्राखाली धरायला डॉक्टरसाहेबांना तिचाच हात पसंत. वर तिच्या छातीवर काळ्या कागदात बंद केलेला चौकोनी, नवाकोरा बिल्ला. माझ्या पोटात दुखायचं. दिसायलाही मेली माझ्याहून उजळ होती.

बिल्ला मिळाला त्याच आठवड्यात मी सुटीवर निघाले, आणि तिच्या पेटीतून तो उचलला. घरी सांगितलं, सरकारनं मला मान दिला. आईनं तो देवापुढं ठेवला. माझ्या कपाळाला लावता येत नव्हतं ते कुंकू तिनं त्याला लावलं. आठ दिवस बाया बघून जात होत्या. इतकी सुखी मी पुन्हा कधी झाले नाही.

परतल्यावर कुंकू पुसून तो गुपचूप पेटीत ठेवला. त्याच दिवशी साहेबांनी आतली फिल्म धुतली. "बिलकुल साफ," म्हणाले. किरण अंगावर पडले की ती काळी होते, मग त्या नर्सला दुसरीकडे हलवतात, हे मला तेव्हा कळलं. गंगीनं बिल्ला हरवल्याचं भीतीपोटी लपवलं होतं. मला म्हणाली, "पेटीतच पडून व्हता वाटतं. साफ निघाला, मंग कशाला बोलायचं?" मीही बोलले नाही.

ती त्याच खोलीत राहिली. पुढं बोटांची कातडी फाटली, जखमा भरेनात, दोन बोटं कापली. ती गावी परतली.

गंगे, आता त्या खोलीतल्या नर्सांना बिल्ले मी स्वतः लावते. काकू तुला घास भरवते म्हणे. खरं सांगते, त्याचाही हेवा वाटतो. तुला घर आहे. माझी आई दर पत्रात लिहवते, "येताना बिल्ला आण, देवापुढं ठेवू." म्हणून मी येत नाही.