करवतमासा झाडावर चढला

कमलाकर गुरुजींनी करवतमाशाला झाडावर चढवलं, ते एका हातात चहाचा कप असताना. शाळेच्या भिंतीवर दोन प्राण्यांची तुलना रंगवायची होती. एकीकडे झाडावर राहणारा, पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा कोआला. दुसरीकडे पाकटाचा भाऊबंद, नाकाला करवत असलेला, नामशेष होत चाललेला करवतमासा. गुरुजींनी हातानं लिहिलेल्या माहितीच्या पट्ट्या कापल्या, एका कागदावर डिंकानं डकवल्या, आणि नेमक्या याच्या त्याच्याखाली डकवल्या.

रंगवायला ढाणकीचे फकिराभाऊ पेंटर होते. साठीचे, चौथी शिकलेले. बाजारातल्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या. अक्षर काढलं की चार पावलं मागं जायचे, एक डोळा मिटायचे आणि वेलांटी पसंत पडली तरच बिडी पेटवायचे. चाळीस वर्षांत त्यांच्या पाटीवर कोणी बोट ठेवलं नव्हतं.

कागद वाचून ते म्हणाले, "गुरुजी, हा मासा निलगिरीचा पाला खाते म्हंते. अन् हे अस्वलावानी जनावर समुद्राच्या तळाशी कायले जाईन?"

"तुम्ही रंगाचं बघा, फकिराभाऊ. शास्त्र माझ्याकडे सोडा."

उद्घाटनाला केंद्रप्रमुख आले, गाव जमलं. साहेबांनी भिंत वाचली. "वीस तास झाडावर झोपणारा मासा! कोणाचं हे डोकं?"

गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तोंडातून निघून गेलं, "पेंटर चौथी पास आहे, साहेब. काय करता!"

लोक पोट धरून हसले. केंद्रातल्या उरलेल्या तीन शाळांच्या भिंतीही फकिराभाऊच रंगवणार होते; त्यांना आता दुसरा पेंटर बघा, असं साहेब जाता जाता सांगून गेले. गुरुजींच्या अक्षरातला तो कागद फकिराभाऊंच्या वरच्या खिशातून डोकावत होता. त्यांनी तो काढला नाही. ब्रश रॉकेलमध्ये धुतले, डबे उचलले आणि गेले.

गुरुजींना जेवण गेलं नाही. बायकोनं, रजनीनं विचारलं तर म्हणाले, "पित्त झालंय." आपलं नाव असं पुढं केलेलं ऐकून पित्तालाही लाज वाटली असेल.

सकाळी ते ढाणकीला गेले. फकिराभाऊ एका ट्रॉलीवर नंबर टाकत बसले होते. जवळपास कोणी नाही, हे गुरुजींनी आधी दोनदा बघून घेतलं, मग आवाज खाली आणला.

"फकिराभाऊ, चूक माझी होती. माफ करा. साहेबांना काहीतरी कारण सांगतो, तुमचं काम तुम्हाला परत..."

फकिराभाऊंनी ब्रश थांबवला नाही.

"चार लोकायसमोर बोलले, गुरुजी, तं चार लोकायसमोरच सांगा."