लांबून आलेला धोंडा

जगातला प्रत्येक दगड कुठून तरी आलेला असतो, ही गोष्ट माहीत नसली तरी माणसाचं आयुष्य सुखात जातं. माझंही जात होतं. पण माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने ज्या गृहस्थांशी लग्न केलं, त्या आमच्या साडूंइतका दगडाने झपाटलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगरापासून पाथर्डीच्या माळापर्यंत शोधला तरी दुसरा मिळायचा नाही. आणि तो नेमका माझ्या वाट्याला यावा, यात माझं काही तरी मागच्या जन्मीचं असणार. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला एरवी काहीच म्हणत नाहीत. 'साडूभाऊ' अशी प्रेमाने हाक आली की समजायचं, काही तरी जड उचलायचं आहे.

दाजींची सगळी नोकरी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची ट्रॉली फाटकातून आत वळली की ते नजरेनेच तिचं वजन सांगत आणि मग काटा त्यांच्या म्हणण्याला दुजोरा देई. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, पण नजर काही सुटली नाही. एका बारशात माझ्या मावससासूबाईंना वाकून नमस्कार करता करता ते म्हणाले, "मागच्या दिवाळीपेक्षा चार किलो वाढलंय. अर्थात साडी भरजरी आहे, तिची वजावट धरली पाहिजे." मावशी त्या दिवशी न जेवता गेल्या. दाजींना मात्र आपण काय केलं हे आजतागायत कळलेलं नाही. "खोटं सांगितलं का मी?" एवढंच ते विचारतात. हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर इतक्या लोकांना विचारला आहे की त्यांच्याकडे जाणं-येणं असणारी घरं आता फार उरलेली नाहीत. आमचं एक आहे.

दगडाचं खूळ शिरलं ते एका लग्नात. पाथर्डीकडचा भानुदास मुकादम दर हंगामात ऊसतोडीची टोळी घेऊन कारखान्यावर येई. त्याची नि दाजींची जुनी ओळख. त्याच्या मुलीच्या लग्नाला दाजी गेले आणि जेवणानंतर पाय मोकळे करायला म्हणून त्याच्या रानात गेले. तिथे माळाच्या कडेला मोठाले धोंडे गोल मांडल्यासारखे पडले होते. भानुदासचा आजा त्यांना राक्षसाची चूल म्हणायचा. त्या काळ्या धोंड्यांत एक निराळा होता. त्याच्या अंगावर पांढरे लांबट ठिपके होते, काळ्या रश्श्यात भाताची शितं सांडावीत तसे. दाजी तिथेच बसले. वरात निघाली तरी बसलेलेच होते.

नंतर त्यांनी कुठल्याशा विद्यापीठातल्या एका बाईंना गळ घालून तिथे नेलं. फार जुन्या काळी मेलेल्या माणसाला किंवा त्याच्या अस्थींना पुरून त्या जागेभोवती असे धोंडे रचायची रीत होती, आपल्याकडे विदर्भात अशी वर्तुळं पुष्कळ आहेत, हे बाईंनी समजावून सांगितलं. हेही तसंच आहे का, असं दाजींनी विचारल्यावर बाई म्हणाल्या, "असू शकेल." 'असू शकेल' या दोन शब्दांवर एखादा माणूस किती वर्षं काढू शकतो हे बाईंना ठाऊक असतं तर त्या काही न बोलता गाडीत बसल्या असत्या.

कारण दाजींचा प्रश्न निराळाच होता. कोण मेलं, कधी मेलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, एवढा माल आला कुठून? काट्यावरच्या माणसाला दुसरा प्रश्न सुचायचा नाही. साधे काळे धोंडे शेजारच्या ओढ्यातले, हे त्यांनी एका दुपारीच ठरवून टाकलं. पण ठिपक्यांचा धोंडा? तसा दगड त्या भागात कुठेच दिसेना. मग तो शोधणं आलं. शोधायला गाडी लागते. गाडी माझी.

माझं केडगावला चष्म्याचं दुकान आहे. दाजी रविवारी सकाळी हजर होत, काउंटरवरचं भिंग न विचारता खिशात टाकत आणि म्हणत, "साडूभाऊ, जाऊन येऊ." पुढे घाट आला, खाण आली, रस्त्याच्या कडेला नुसता खडक उघडा पडलेला दिसला, की गाडी थांबवायची. दाजी उतरणार, दगडाला भिंग लावणार, हातोडीने ठोकून कान देणार, आणि एक तुकडा डिकीत टाकणार. संगमनेरला भाच्याच्या साखरपुड्याला निघालो तेव्हा अंगठी आमच्याच गाडीत होती आणि नवरा मुलगाही. वाटेत इतके खडक लागले की आम्ही पोचेपर्यंत मुलीकडच्यांनी मुलगा पळाला अशी समजूत करून घेतली होती. डिकी उघडून बायकोने अंगठीची पिशवी शोधली, तर ती एका धोंड्याखाली चेपून गेलेली. "डबी चेपली, अंगठीला काही झालेलं नाही," दाजी म्हणाले. "खोटं सांगतो का मी?"

शेवटी तो दगड सापडला, राजूरच्या अलीकडे, डोंगराच्या उतारावर. बाजाराचा दिवस होता. दाजी बाजारात दिसेल त्याला खिशातला तुकडा दाखवत विचारत होते. हिरडा विकायला बसलेल्या एका म्हातारीने तो हातात घेऊन म्हटलं, "पाट्याला नको घेऊ बाबा ह्यो. ठिपका निखळतो नि चटनीत येतो. आमच्या वाटंला पडलाय ढीगभर." आम्ही त्या वाटेला गेलो. उभा कडाच्या कडा पांढऱ्या ठिपक्यांचा! दाजींनी त्याच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मला वाटलं, चला, सुटलो. सापडला दगड, संपलं.

संपलं कसलं? आता तो धोंडा राजूरपासून पाथर्डीपर्यंत, म्हणजे जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या लोकांनी नेला कसा, हे सुरू झालं. प्रवरा कुठे ओलांडली? तराफ्यावरून, की उन्हाळ्यात पात्र कोरडं पडल्यावर? बैल जुंपले की माणसं? मुक्काम कुठे कुठे पडले? दाजी दाढ काढून घ्यायला गेले, तेव्हा डॉक्टरांचे हात तोंडात असतानाही मुळा नदीच्या उताराविषयी बोलत होते. डॉक्टरांना वाटलं, दुखतंय. त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं. भानुदास मात्र मनापासून ऐकायचा. धोंडा एवढ्या लांबून आलाय म्हटल्यावर त्याने त्याच्या भोवतीचं काटवन काढलं, नांगर अलीकडून वळवायला लागला. त्याचा धाकटा भाऊ कुरकुरायचा, की चांगली जमीन दगडांपायी अडकली. पण भानुदास म्हणायचा, "डोंगरातनं आनलाय बाबांनू त्यो. साहेबांनी शोधून काढलंय."

या सगळ्याचा कळस झाला आमच्या वास्तुशांतीला. घराच्या पायाभरणीत निघालेला एक थोराड धोंडा अंगणाच्या कोपऱ्यात पडला होता. गुरुजींनी पूर्णाहुती दिली, पानं मांडायची तयारी चालली होती, इतक्यात कानाशी आवाज आला, "साडूभाऊ, जरा माणसं द्या."

"कशाला?"

"जेवल्यावर ओढवत नाही. आत्ताच काय ते."

मी नाही म्हणेपर्यंत त्यांनी सेंट्रिंगच्या उरलेल्या बल्ल्या धोंड्यापुढे आडव्या टाकल्या होत्या आणि ट्रॉली बांधायचा जाड दोर त्याला आवळला होता. आलेल्या पाहुण्यांना ते नजरेने तोलून रांगेत उभे करत होते. "तुम्ही पुढं. तुम्ही वजनदार, तुम्ही मागं. गुरुजी, तुम्हीही या, आता काय काम आहे तुम्हाला?" इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं हसत हसत दोराला लागली. पहिला हिसका गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला दोर तुटला आणि माझे सगळे सोयरे, व्यवहारातली चार माणसं आणि गुरुजी एकावर एक बसले. माझ्या मेव्हण्याची नवी पँट नको तिथे उसवली. बायको दारात उभी होती. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. त्या सगळ्या कण्हण्याकुंथण्याच्या वर दाजींचा आवाज आला, "हलला! वीतभर हलला!"

पंगतीत ते माझ्या शेजारी बसले, पण जेवणात त्यांचं लक्ष नव्हतं. हळूच म्हणाले, "साडूभाऊ, ओढणं अवघड नाही हो. एवढी माणसं एका जागी आणणं अवघड. तुमच्याकडे जेवण होतं म्हणून आली. त्यांच्याकडे काय असेल?"

"त्यांच्याकडे तुमच्यासारखा साडू असेल," मी दात खाऊन म्हणालो.

त्यावर त्यांनी खरोखरच थोडा विचार केला. म्हणाले, "एकाने भागायचं नाही."

त्यानंतर बरेच महिने आमच्या घरी त्यांचं नाव काढायची सोय नव्हती. मग गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. भानुदासने रानात विहीर घेतली होती आणि त्याने लगेच बोलावलं होतं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत गाडी काढली. रस्ताभर दाजी खुशीत होते. विहिरीच्या खोदाईत मातीची मडकी, लोखंडी काही तरी निघालं असणार, असा त्यांचा होरा होता.

रानात यारी उभी होती. खालून सुरुंगाने फोडलेला खडक ती बादलीने वर आणत होती आणि काठावर ढीग पडला होता. तळाला काळी माती, मग मुरूम, मग काळा दगड, आणि सगळ्यांत वर, नुकताच निघालेला, ओला, ताजा फुटलेला खडक. त्यात पांढरे लांबट ठिपके होते.

गोल मांडलेले धोंडे तिथून हाकेच्या अंतरावर होते.

भानुदास, त्याची बायको, धाकटा भाऊ, यारीवाला, सगळे आमच्याकडे बघत उभे राहिले. धाकटा म्हणाला, "साहेब, बांधकामाला दगुड लागनार हाय. ही रास फुटून पार चुरा झालीय. त्या गोलातला चांगला दणकट माल हाय. ह्यो नि त्यो एकच आसला तर मंग त्यात लांबचं काय ऱ्हायलं? फोडून लावतो हिरीला."

"तू गप," भानुदास म्हणाला. मग दाजींकडे वळून, अगदी आर्जवाने, "साहेब, तुमी बघा. तुमी म्हनाल तसं. एकच हाय का?"

दाजींनी ढिगातला एक तुकडा उचलला. खिशातून माझं भिंग काढलं. त्या ठिपक्यांच्या धोंड्यापाशी गेले, वाकले, तुकडा शेजारी धरला. मी इतकी वर्षं या माणसावर वैतागलो होतो, पण त्या वेळी मी त्यांच्या बाजूचा झालो. एक शब्द पुरे होता. 'निराळा आहे' म्हटलं असतं, तर तिथे खोटं पकडणारं कोणीच नव्हतं. राजूरचा कडा, प्रवरेचा तराफा, सगळं शाबूत राहिलं असतं. धोंडेही राहिले असते. मी मनात म्हणत होतो, दाजी, एवढं एकदा खोटं सांगा.

त्यांनी पाठ सरळ केली. "तोच आहे," ते म्हणाले. "इथलाच. इथे जवळपास कुठे तरी हा खडक वर उघडा पडलेला असणार. पुढे त्याच्यावर माती चढली. डोंगरातला नाही हा, भानुदास. मी चुकलो."

धाकट्याने यारीवाल्याला खूण केली आणि पहार उचलली.

तेव्हा भानुदासची बायको पुढे झाली. ती इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी बोललेली नव्हती. "ठिव ती पहार," ती दिराला म्हणाली. "साहेब, ह्ये दगडं मेलेल्या मानसाभवती लावल्यालं, आसं तुमीच सांगितल्यालं ना?"

"हो. असावेत."

"मंग लांबनं कुनी आनून लावलं आसतं तर गोष्ट येगळी हुती. ह्यो तर हितलाच दगुड. म्हंजी मेलेला बी हितलाच, लावनारं बी हितलंच. आपल्यातलाच कुनीतरी की. त्याच्या उशाचा दगुड काढून हिरीला लावायचा आन त्यातलं पानी मी प्यायचं? मला न्हाई जमायचं." आणि ती चहा ठेवायला निघून गेली. विषय मिटला. भानुदासच्या घरात कुणाच्या शब्दाला किती वजन आहे, हे सांगायला काट्याची गरज नव्हती.

चहा घेऊन आम्ही निघालो. दाजी मागे वळून बघत नव्हते. तिसगाव मागे पडलं, करंजीचा घाट सुरू झाला, तरी त्यांनी एकदाही गाडी थांबवायला सांगितली नाही. मला ते सोसेना. मी म्हणालो, "दाजी, जाऊ द्या. धोंडे तर राहिले ना जागेवर."

"ते राहिले हो," ते म्हणाले. मग बाहेर बघत, "पण साडूभाऊ, त्या लोकांच्या घरात माणूस गेलेलं. आणि मी त्यांना एवढी वर्षं उगाच डोंगरातून चालवत आणलं. नद्या पार करायला लावल्या. उन्हातान्हात. बायका असतील, म्हातारी माणसं असतील." त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "जवळच मिळाला त्यांना दगड. बरं झालं."

मी गाडी जरा हळू घेतली. बरं झालं, मीही म्हणालो.