गुण्याकाकांची खुर्ची आणि कणकेचा साचा

ज्याने नदीला वळण दिले, शंखाला वेटोळे दिले आणि माणसाच्या पाठीला हलकासा बाक दिला, त्या आद्य कारागिराला आधी दंडवत घालू; मग त्याच्या एका हट्टी लेकराकडे वळू.

हे लेकरू म्हणजे आमचे गुण्याकाका. धंदा सुतारकीचा. काटकोन तपासायचा गुण्या सदैव खिशात, म्हणून हे नाव. त्यांच्या हातून जन्मात वाकडी वस्तू घडली नाही, आणि त्यांच्या एकाही खुर्चीत काकूंची दुखरी पाठ जन्मात टेकली नाही. काकू उशांवर उशा रचत आणि शेवटी जमिनीवर बसत.

एकदा दोघे गावच्या पुरातन बागेत गेले. तिथले खांब झाडांसारखे झुकलेले, छत पानासारखे पसरलेले आणि फुटक्या रंगीत फरश्यांचा लांबलचक बाक नागमोडी गेलेला. काका खांबाखांबाला गुण्या लावून हळहळत राहिले. काकूंनी बाकावर पाठ टेकली नि डोळे मिटले.

"अगं, निघू या."

"तुम्ही व्हा पुढे. मी इथेच नांदते."

काकांच्या काळजात कुसळ शिरले. घरधन्याला जे साधले नाही, ते फुटक्या फरश्यांनी साधावे?

दुसऱ्या दिवशी काका घरातली सगळी कणीक मळून बागेत हजर झाले. बाकाच्या खळग्यात ती थापून साचा घेऊ लागले.

माळी म्हणाला, "काका, चूल कुठे मांडताय?"

"पाठीचं माप घेतोय."

"कुणाच्या?"

"बाकाच्या."

"बाकाची पाठ दुखते होय?"

काकांचा हात थबकला. गिऱ्हाइकांची मापे घेतली, बाकाचेही घेतले. घरच्या लक्ष्मीचे माप मात्र आजवर घेतले नव्हते. ते विचारात बुडाले, तोवर कबुतरांनी साच्यावर ताव मारला. उरलेला गोळा पोटाशी धरून काका घरी धावले.

"अगं, यावर जरा टेक."

"कपडे कोण धुणार?"

"मी."

"आणि स्वयंपाक?"

"तोही मीच."

"मग टेकते."

त्या साच्यावरून जी खुर्ची घडली, तिच्यात एकही काटकोन नव्हता. काकू बसल्या. काकांनी श्वास रोखून विचारले, "उशी आणू?"

काकू घोरत होत्या.

दयाघना, ही पाठ अशीच टेकलेली राहो. काकांचा गुण्या खिशात राहो, त्यांच्या हाताला तुझे वळण लाभो, आणि या घरातली कणीक कबुतरांना पुरून दोघांना उरो.