आबांच्या दारातली विमानं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आखातातून परतलेली आम्ही मंडळी जमलो की आमच्या आबांचा विषय निघतोच. मग मी त्यांच्या खजुरांचं सांगतो, विनोदांचं सांगतो, आणि गोष्ट विमानांपाशी आली की कुणाला तरी चहाचं विचारतो. आता चहा डॉक्टरांनी बंद केला आहे आणि ऐकणारेही कमी होत चालले आहेत. तेव्हा लिहून टाकतो.

आकाशातून विमान गेलं की आबा बोलायचे थांबत. उजव्या हाताचं एक बोट वर, मान वर, आणि समोर बँकेचा मोठा अधिकारी असो की घरची बाई, जगाने तेवढा वेळ गप्प राहायचं. आवाज विरला की बोट खाली येई. "हां, क्या बोलता था तुम?" जेद्दात अल अझीझियातल्या आमच्या ऑफिसवरून विमानं सारखी जात. दोन वाक्यांच्या कामाला अर्धी सकाळ लागे. नवीन माणूस चिडे. जुने आम्ही तेवढ्यात कागद लावून घेत असू.

त्यांना सगळे अबू नासेर म्हणत, म्हणजे नासेरचे वडील. कंपनीतल्या आम्हा तीन मराठी माणसांनी आपसात त्यांचे आबा करून टाकले. ते आमचे कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा तिथला मुक्काम चाले तो मालक. धंदा शीतगृहांचा. मासळी, फळं, गोठवलेल्या कोंबड्या. मी त्यांचा पैशाचा व्यवहार पाहायचो. ड्रायव्हरांकडून शिकलेली हिंदी ते बोलत, तिच्यात सगळं जग पुल्लिंगी होतं. मला 'उस्ताद' म्हणत. तिकडे शिकलेल्या माणसाला तसं म्हणतात, पण आबांच्या तोंडी तो शब्द आला की मला उगीच ताठ बसावंसं वाटे.

त्यांचं बालपण खमीस मुशैतचं. डोंगरातलं गाव, शेजारी हवाई तळ. वडील बकऱ्या विकायचे आणि हा मुलगा बकऱ्या सोडून लढाऊ विमानांमागे धावायचा. मोठा झाल्यावर भरतीला गेला तर एक डोळा अधू निघाला. "दूसरा आँख एकदम अच्छा था, उस्ताद," ते मला म्हणाले होते. "लेकिन उनको दोनों मांगता था." एवढं बोलून मोठ्याने हसले. मीही हसलो. पगारी माणूस मालकाबरोबर हसतो तसा.

साठीला टेकल्यावर त्यांच्या हाताशी पैसा होता आणि अडवणारं कुणी नव्हतं. युरोपातल्या एका दलालाने त्यांना निवृत्त लष्करी जेट दाखवलं. दोन आसनांचं, वैमानिकांना शिकवण्यासाठी वापरलेलं, शस्त्रं काढून टाकलेलं. किंमत ऐकून मी चकित झालो. एका भारी मोटारीएवढी! एवढ्यात जेट येतं? येतं. पण ती किंमत म्हणजे नुसता मांडवखर्च, संसार पुढेच असतो, हे मला पुढच्या वर्षभरात कळलं.

पंख सुटे करून ते कंटेनरमधून आलं. ते पुन्हा जोडायला परदेशातून दोन माणसं आली; त्यांचं तिकीट, हॉटेल, भत्ता. समुद्राच्या खाऱ्या हवेत धातू टिकत नाही म्हणून शहराबाहेर भाड्याची शेड आणि तिला वातानुकूलन. वैमानिकाला संकटात आसनासकट बाहेर फेकणारी काडतुसं असतात, ती वापरा न वापरा, मुदत संपली की बाद. नवीन मागवायची तर ती स्फोटकं, त्यांच्या परवानग्या वेगळ्या. इंजिनाची तपासणी तर विमानाच्या किमतीलाही लाजवणारी. बरं, हे सगळं विमान जागचं न हलता. मोटार उभी राहिली तर खात नाही. हे उभ्या उभ्या खात होतं. आपल्याकडे दारी हत्ती झुलणं म्हणतात ना, ते मी तिथे पाहिलं. फरक इतकाच की हत्तीवर निदान बसून मिरवता तरी येतं.

उड्डाणाची परवानगी कधी मिळालीच नाही. आबांना त्याचं फार वाईटही वाटलं नसावं. गुरुवारी संध्याकाळी ते शेडमध्ये जात, डोक्यावरचा रुमाल आणि त्यावरचं काळं कडं काढून पंखावर ठेवत, पायघोळ झगा सावरत शिडी चढत आणि आत जाऊन बसत. मी खाली उभा. "उस्ताद, इधर से सब छोटा दिखता है," एकदा वरून म्हणाले. जमिनीपासून उंची ती केवढी! इंजिन एकदाच सुरू केलं, जागच्या जागी. आबा दोन्ही हातांनी कान झाकून उभे होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अधू डोळ्यातूनही. त्या इंधनाचं बिल पाहून मला घाम फुटला होता, पण तो चेहरा पाहिल्यावर मी बिल सावकाश दिलं.

आबांची एक पद्धत होती. मोठ्या व्यवहारावर सही करण्याआधी ते पेनाचं टोपण काढत, माझ्याकडे वळत आणि विचारत, "तुमारे घर का पैसा होता, तो?" सगळ्यांसमोर. मी 'नाही' म्हटलं की टोपण परत लागे. ट्रक घ्यायचे होते, मी नाही म्हटलं. एका नातेवाइकाशी भागीदारी करायची होती, तिलाही नाही म्हटलं. तो नातेवाईक माझ्याशी पुढे कधी बोलला नाही. आबा मात्र म्हणायचे, "मेरे पास एक आदमी है जो ना बोलता है. बाकी सब इन्शाअल्ला बोलता है."

मग दलालाने आणखी दोन विमानं एकदम देऊ केली. एक उडण्याजोगं, एक सुट्या भागांसाठी. वर इंजिनाच्या दुरुस्तीचा करार. नासेर, म्हणजे त्यांचा थोरला, तेव्हा नुकताच धंद्यात लक्ष घालू लागला होता. तो म्हणाला, "बाबा, जिझानच्या शीतगृहाचा कॉम्प्रेसर शेवटचे श्वास घेतोय. आधी तो बदलू."

"एक विमान अकेला है, बेचारा," आबा म्हणाले.

"बाबा, ते विमान आहे. त्याला काय भाऊबंद लागतात?"

सगळे हसले. नासेर मात्र चिडून बाहेर निघून गेला. आबांनी टोपण काढलं आणि माझ्याकडे वळले. "उस्ताद? तुमारे घर का पैसा होता, तो?"

आकडा माझ्या डोक्यात तयार होता. तीन विमानं सांभाळायची तर वर्षाला किती, आणि धंद्यातून तेवढं निघत नाही, हे मला स्वच्छ माहीत होतं. पण त्याच्या आदल्याच महिन्यात माझ्या बायकोचं, सुधाचं, मोठं ऑपरेशन झालं होतं. खर्च आबांनी केला होता. नुसता खर्च नाही. हॉस्पिटलच्या लाकडी बाकावर माझ्याशेजारी माळ ओढत बसले होते. माझं नोकरीचं वय उलटून गेलं होतं तरी त्यांनी माझ्या इकाम्याचं, म्हणजे तिथल्या रहिवासी परवान्याचं, नूतनीकरण करून घेतलं होतं. एवढं करणाऱ्या माणसाने आयुष्यात एक गोष्ट मागितली आणि तिला मी नाही म्हणू? उपकार फेडायला माझ्यापाशी एक होकारच होता. आणि खरं सांगायचं तर भीतीही होती. त्या दोहोंतलं कुठलं जास्त, हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगू शकलेलो नाही.

"घ्या," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग सही केली.

विमानं आली. जिझानचा कॉम्प्रेसर उन्हाळ्यात, ऐन आंब्याच्या हंगामात बसला. दुसरा मागवायला पैसा मोकळा नव्हता. मी तिथे पोचलो तेव्हा दारातून पाणी वाहत होतं आणि सगळ्या आवाराला पिकून फुटलेल्या आंब्यांचा वास येत होता. आपल्या माणसाला तो वास किती ओळखीचा. मला तिथे उभं राहवेना. बागाईतदार गेले, मग मासळीवाले गेले. जिझान विकलं, मग दुसरं शीतगृह विकलं. किती जणांचा तिथला संसार फायनल एक्झिटच्या, म्हणजे कायमचं मायदेशी धाडण्याच्या, शिक्क्याने संपला. त्यातल्या काहींना मी स्वतः विमानतळावर सोडून आलो.

शेवटी विमानंही गेली. एक महामार्गावरच्या विश्रांतिगृहाने खांबावर चढवायला घेतलं. उरलेली दोन भंगारवाल्याने नेली, वजनावर. आबा काट्यापाशी उभे होते. "खलास," एवढंच म्हणाले आणि झग्याची धूळ झटकली.

त्या संध्याकाळी घरच्या बैठकीत नासेरचा तोल गेला. "मी सोडून तुम्हाला एकानेही अडवलं नाही? एकानेही?" त्याची नजर माझ्याकडे वळत होती तेवढ्यात आबा म्हणाले, "उस्तादने रोका था. मैं नहीं सुना. मेरा दिमाग खराब था."

नासेर उठला, माझ्यापाशी आला आणि तिकडच्या रीतीप्रमाणे त्याने माझ्या खांद्याचं चुंबन घेतलं. वडीलधाऱ्याची क्षमा मागावी तसं. मी काही बोललो नाही. आबांना खरंच तसं आठवत होतं की त्यांनी मला झाकून घेतलं, हे मला कळलं नाही. त्यांच्याकडे पाहिलं, तर ते कॉफीच्या पेल्यात पाहत होते.

पुढे मी सांगलीला परतलो. दर ईदला फोन करायचो. तब्येत, पाऊस, सुधा. तिच्याबद्दल ते न चुकता विचारत. माझी मुलगी रियाधला डॉक्टर आहे. गेल्या खेपेला तिच्याकडे गेलो तेव्हा दुसरं काही पाहायचं नव्हतं. थेट जेद्दा गाठलं.

आबा अंगणात खुर्चीवर होते. फार वाळले होते. मला ओळखलं, हात धरून शेजारी बसवलं. नासेर कॉफी आणायला आत गेला. मी वाक्य रियाधपासून घोकत आलो होतो.

"आबा, त्या दिवशी तुम्ही मला विचारलं होतं," मी सुरुवात केली, "तेव्हा मी..."

वरून विमान आलं. आबांचं बोट वर झालं. थरथरत होतं, पण झालं. मी थांबलो. इतक्या वर्षांची सवय. आवाज विरेपर्यंत आम्ही दोघं वर पाहत राहिलो.

"हां, क्या बोलता था तुम?"

तेवढ्यात नासेर कॉफी घेऊन आला, मागे त्याची मुलं. पेला माझ्या हातात देत तो मुलांना म्हणाला, "यांना सलाम करा. तुमच्या आजोबांना खरं सांगणारा हा एकच माणूस होता."

मुलांनी सलाम केला. आबा माझ्याकडे पाहत होते, वाट पाहत.

"काही नाही," मी म्हणालो. "सुधाने सलाम सांगितलाय."

"अल्ला उसको अच्छा रखे," आबा म्हणाले आणि माझा हात थोपटला.

मी परतल्यावर थोड्याच आठवड्यांत नासेरचा फोन आला. आबा गेले. फोनवर रडत त्याने पुन्हा माझेच आभार मानले.

वाक्य अजून तोंडपाठ आहे. आबा, तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी 'घ्या' म्हणालो होतो. मला माफ करा.